नेम आणि ऐपत

गेल्या वर्षी विज्ञानाच्या तासाला गतीचे नियम शिकवून झाल्यावर, कोणास काही शंका आहे काय, असे मी नेहमीप्रमाणे विचारले. मागील बाकावरचा एक विद्यार्थी उभा राहिला आणि म्हणाला, ''सर, लांबवर अचूक मारणारी रायफल थोडक्या पैशांत आपली आपण जुळवता येईल काय?'' वर्गात हशा पिकला. मला मात्र हसू आले नाही. स्वप्नील कुसाळे ह्याचे ऑलिंपिक पदकासह छायाचित्र ह्या मुलाने आपल्या वहीच्या पुठ्ठ्यास आतून चिकटविले होते, हे मला ठाऊक होते.

पुढे दिवाळीच्या सुटीत त्याचे वडील मजकडे आले. चार एकर कोरडवाहू शेत, त्यात सोयाबीन व तूर. एवढाच त्यांचा संसार. पायरीवर बसून त्यांनी हळूच विचारले, ''सर, पोरगा बंदुकीचा ध्यास घेऊन बसला आहे. बैलजोडी काढून टाकावी काय? की गावच्या लोहाराकडून काही जमते का पाहावे?''

मुलाच्या प्रश्नास व वडिलांच्या प्रश्नास एकच उत्तर पुरेल, परंतु ते पायरीवर उभ्या उभ्या देण्याजोगे नव्हते. म्हणून ते येथे सविस्तर लिहीत आहे. अशा विवंचनेत आणखीही घरे असतील आणि त्यांसही त्याचा उपयोग व्हावा, हा हेतू.

प्रथम कायदा सांगतो; कारण ह्या बाबतीत अज्ञानामुळे एखाद्या घराची धूळधाण होऊ शकते. शस्त्र अधिनियम, १९५९ अन्वये परवान्यावाचून बंदूक तयार करणे हा गंभीर गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्यास कमीत कमी सात वर्षे व अधिकात अधिक जन्मठेप एवढी शिक्षा होऊ शकते. बंदुकीचा परवाना एकवीस वर्षांखालील व्यक्तीस मिळत नाही. नेमबाजीचे शिक्षण घेणाऱ्या लहान वयाच्या मुलांसाठी कायद्याने वाट ठेवली आहे, परंतु ती नियमांच्या चौकटीत व जाणत्यांच्या देखरेखीखाली चालावयाची वाट आहे. शेतात शिरणारे रोही व रानडुकरे ह्यांचा आपणा सर्वांस त्रास होतो, हे खरे. तथापि त्यांवर मनास येईल तशी बंदूक चालविण्याची मुभाही कायदा देत नाही. तेव्हा लोहाराचा विचार मनातून समूळ काढून टाकावा.

केवळ कायद्याच्या धाकानेच तो काढावा असे नव्हे. पदार्थविज्ञानही तेच सांगते. स्पर्धेत वापरतात ती ५.६ मिलिमीटर व्यासाची गोळी सर्व काडतुसांमध्ये लहानांत मोजली जाते. तरीही तिच्या काडतुसातील दारू पेटताच नळीच्या मुळाशी जो दाब उत्पन्न होतो, तो हवेच्या नेहमीच्या दाबाच्या सुमारे सोळाशे पट असतो. मोटारगाडीच्या चाकातील हवेचा दाब दोन-अडीच पट असतो, आणि ते चाक फुटले तर केवढा आवाज होतो हे आपण ऐकले आहे. आता सोळाशे पटीची कल्पना करा! हा दाब सोसण्यासाठी विशिष्ट पोलाद, विशिष्ट पाणी व कसोटीस उतरलेली घडण लागते. साध्या लोखंडी नळीत तो कोंडणे म्हणजे स्वतःच्या गालाशी सुरुंग धरणे होय.

मग लांबचा नेम साधतो तरी कसा? आपण गतीचे नियम शिकलो आहोत, त्यांचाच येथे उपयोग करू.

गोळी नळीतून सरळ निघते व सरळ जाते, अशी सर्वसाधारण समजूत असते. ती चुकीची आहे. नळी सोडल्या क्षणापासून गुरुत्वाकर्षण गोळीस खाली ओढू लागते. झाडावरून गळणाऱ्या निंबोळीस ओढते तसेच, तितक्याच त्वरणाने. स्पर्धेतील गोळीचा आरंभीचा वेग सेकंदास सुमारे ३२५ मीटर असतो, म्हणजे ध्वनीच्या वेगाहून किंचित कमी. ५० मीटर अंतर कापण्यास तिला सेकंदाचा सुमारे ०.१६ इतका भाग लागतो. पडणाऱ्या वस्तूचे अंतर काढण्याचे सूत्र तुम्हांस पाठ आहे: गुरुत्वत्वरणाची निम्मी, गुणिले काळाचा वर्ग. ४.९ ला ०.१६ च्या वर्गाने गुणिले असता ०.१२५ मीटर येतात. म्हणजे डोळ्याची पापणी लवण्याइतक्या अल्प काळात गोळी साडेबारा सेंटिमीटर, अर्ध्या वितीहून थोडी अधिक, खाली आलेली असते. अंतर दुप्पट करून १०० मीटर केले, तर पडणे दुप्पट न होता चौपटीहूनही थोडे अधिक होते, अर्ध्या मीटरापेक्षा जास्त; कारण काळाचा वर्ग होतो, आणि हवेच्या विरोधाने गोळी मंदावल्यामुळे काळही थोडा वाढतो. म्हणून नेमबाज नळीचे तोंड लक्ष्याच्या किंचित वर रोखतो. नेम धरण्याचे साधन, ज्यास साईट म्हणतात, ते हा फरक हिशेबात धरूनच बसविलेले असते.

आता वाऱ्याचा विचार करू. सेकंदास ३ मीटर वेगाचा वारा म्हणजे काही वादळ नव्हे. त्याने आपल्या शाळेपुढील कडुनिंबाची पाने जेमतेम सळसळतील. असा वारा आडवा आला, तर ५० मीटरांवर ती गोळी सुमारे दोन सेंटिमीटर बाजूस सरकते. ५० मीटरांच्या लक्ष्यातील दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास १०.४ मिलिमीटर, म्हणजे बोटाच्या नखाएवढा असतो, आणि त्यापुढील प्रत्येक वलय ८ मिलिमीटर रुंद असते. ह्यावरून गणित करा: नेम बिनचूक असूनही केवळ पाने हलविणाऱ्या झुळुकेने दहाची गोळी आठावर जाऊन पडते. म्हणून खरा नेमबाज प्रथम मैदानातील निशाणांकडे पाहतो आणि मग लक्ष्याकडे. वाऱ्याशी तो भांडत बसत नाही. तो थांबतो, वाट पाहतो, झुळूक ओळखतो.

तिसरी गोष्ट गोळीच्या फिरकीची. रायफलच्या नळीत आतून मळसूत्राकार खोबणी कोरलेल्या असतात. ह्या लहान गोळीच्या रायफलीत ती खोबण सुमारे ४०.६ सेंटिमीटर लांबीत एक पूर्ण वळसा घेते. ३२५ मीटरांस ०.४०६ ने भागा. भागाकार सुमारे ८०० येईल. म्हणजे बाहेर पडणारी गोळी सेकंदास ८०० वेळा स्वतःभोवती फिरत असते. भोवरा जोवर वेगाने फिरतो तोवर आरीवर ताठ उभा राहतो, आणि वेग मंदावताच डुलू लागून आडवा होतो, हे लहानपणी कोणी पाहिले नाही? त्याच नियमाने फिरती गोळी आपले तोंड पुढे ठेवून जाते. ती न फिरती तर हवेत कोलांट्या खात कोठेतरी गेली असती. ह्या खोबणी कोरण्याचे काम इतके सूक्ष्म असते की जगातील मोजके कारखानेच ते स्पर्धेच्या दर्जाचे करितात. जर्मनीतील आन्श्युट्झ, वाल्थर, फाइनवेर्कबाउ ही नावे नेमबाजांच्या तोंडी नेहमी असतात. जगज्जेता नेमबाजही आपली नळी स्वतः बनवीत नाही. तो ती घेतो.

तर मग 'आपली' रायफल असे ज्यास म्हणतात, ते काय? ह्याचे उत्तर शेतकऱ्याच्या मुलास मजपेक्षा अधिक चांगले ठाऊक असावयास पाहिजे. कुदळीचे पाते आपण बाजारातून आणितो, परंतु दांडा? दांडा आपल्या उंचीचा, आपल्या मुठीत बसेल असा, बाभळीचा पाहून निवडतो व तासतो. शेजाऱ्याच्या कुदळीने दिवसभर खणले तर सायंकाळी कंबर धरते. रायफलीचेही असेच आहे. पोलाद कारखान्याचे असते, पण दस्ता नेमबाजाच्या अंगाचा असतो. खांद्यास टेकणारा भाग किती मागे-पुढे असावा, गाल टेकावयाची पट्टी किती उंच असावी म्हणजे मान न वाकविता डोळा आपोआप साईटमागे येईल, डाव्या हाताखालील आधार कोठे असावा, पट्टा किती ताणावा, ह्या गोष्टी प्रत्येकाच्या हाडापेरावर अवलंबून असतात. म्हणून स्पर्धेच्या रायफलीचे हे भाग हलविता व आवळता येतील असेच केलेले असतात. प्रशिक्षकाजवळ बसून, एकेक भाग केसभर हलवून, प्रत्येक वेळी काय झाले हे वहीत टिपून ठेवणे, हीच 'आपली रायफल जुळविणे' ह्याची खरी रीत होय. तिला पैशांहून धीर अधिक लागतो.

हे एवढे सूक्ष्म का पाहावे, हे समरूप त्रिकोणांच्या साहाय्याने कळेल. मागील व पुढील साईटमधील अंतर ८० सेंटिमीटर धरा. नेम धरताना त्यांपैकी एक केवळ ०.१ मिलिमीटर, म्हणजे वहीच्या एका कागदाच्या जाडीइतकी, बाजूस झाली, तर ५० मीटरांवर ती चूक ५० भागिले ०.८ पटीने वाढते. म्हणजे ६ मिलिमीटरांहून अधिक होते. दहाच्या वर्तुळाची त्रिज्या तर अवघी ५.२ मिलिमीटर! हाताशी एका कागदाएवढी झालेली चूक लक्ष्यावर जवळजवळ एका गुणाएवढी होते. शिवाय न्यूटनच्या तिसऱ्या नियमाप्रमाणे गोळी पुढे जाताच बंदूक मागे ढकलली जाते. गोळीपुरताच विचार केला तर २.६ ग्रॅमची गोळी ३२५ मीटर वेगाने पुढे गेली असता ५ किलोग्रॅमची बंदूक सेकंदास सुमारे १७ सेंटिमीटर वेगाने मागे येऊ लागते. हा धक्का दर वेळी सारख्याच खांद्यावर, सारख्याच जागी बसला, तर गोळ्या सारख्याच जागी जातात. आज येथे व उद्या तेथे बसला, तर त्या विखुरतात. म्हणून अंगाशी जुळलेला दस्ता हा काही शोभेचा प्रकार नव्हे.

आता पैशांकडे वळू. परदेशी बनावटीची स्पर्धेची हवाई रायफलच लाखांच्या घरात जाते, आणि काडतुसाची रायफल त्याहून महाग पडते. पाहणाऱ्याचे डोळे ह्याच आकड्यावर खिळतात. परंतु खरा खर्च पुढे असतो. समजा, एक काडतूस ४० रुपयांस पडले आणि मुलाने दिवसास ६० झाडली. दिवसाचे २,४०० रुपये झाले. वर्षातून २०० दिवस सराव केला तर ४,८०,००० रुपये! रायफल एकदाच घ्यावयाची असते. काडतूस रोज लागते. जो पालक बैलजोडी विकून रायफल घेतो, त्याजजवळ काडतुसांस पैसे उरत नाहीत, आणि पेटीत कुलूपबंद असलेली उत्तम रायफल कोणासही नेमबाज करीत नाही.

म्हणून थोड्या पैशांत मोठा नेम साधावयाचा असेल, तर खर्चाचा क्रम उलटा लावावा.

पहिला क्रम बिनखर्चाच्या अभ्यासाचा. एका जागी न हलता उभे राहणे, श्वास अर्धा सोडून क्षणभर थांबणे, हृदयाचा ठोका ओळखणे, डोळा एका बिंदूवर ठेवणे. ह्यांस बंदूक लागत नाही. एक लाकडी फळी रायफलीसारखी धरून भिंतीवरील ठिपक्याकडे पाहत दहा मिनिटे उभे राहून पाहा. पहिल्या दिवशी दोन मिनिटांतच हात थरथरू लागेल. नामांकित नेमबाजदेखील गोळी न भरता नुसता चाप ओढण्याचा सराव नित्य करितात. मात्र खऱ्या रायफलीवर तो प्रशिक्षकाच्या नजरेखालीच करावा.

दुसरा क्रम सरकारने उघडलेल्या दारांचा. राष्ट्रीय छात्र सेना १९४८ च्या कायद्याने स्थापन झाली, आणि तिच्या छात्रांस .२२ रायफल चालविण्याचे शिक्षण मिळते. अंजली भागवत ह्या मुंबईत महाविद्यालयात असताना छात्र सेनेमुळेच नेमबाजीकडे वळल्या, आणि पुढे २००० साली सिडनी येथील ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पोहोचल्या. दुसरे दार महाराष्ट्र शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीचे. त्यात निवडलेल्या मुलांच्या राहण्याची, शिक्षणाची व सरावाची व्यवस्था होते.

तिसरा क्रम हवाई रायफलीचा, तीही प्रथम संस्थेची किंवा क्लबाची. दहा मीटरांवरील हवाई रायफलीच्या लक्ष्यात दहाचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटराचा, म्हणजे पेन्सिलीच्या टोकाने टेकविल्याएवढा असतो, आणि ४.५ मिलिमीटरांचा छर्रा काडतुसाच्या मानाने फार स्वस्त पडतो. थोडक्या पैशांत लांबचा नेम शिकण्याची ह्याहून चांगली शाळा नाही. चौथा क्रम जाड कातड्याच्या कोटाचा व हातमोज्याचा. तेही प्रथम कोणाचे वापरलेले मिळाल्यास उत्तम. आणि अगदी अखेरीस, मुलाचे गुण राज्याच्या स्पर्धेस साजेसे येऊ लागल्यावर व तो वयाने आणि कायद्याने पात्र झाल्यावर, स्वतःच्या रायफलीचा विचार करावा. क्रम चुकला की पैसा बुडालाच म्हणून समजा.

हे मी केवळ कल्पनेने सांगत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडी ह्या लहानशा गावचा स्वप्नील कुसाळे २००९ साली क्रीडा प्रबोधिनीत दाखल झाला. त्याचे वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. मुलगा तयार झाल्यावर त्याच्या सरावात खंड पडू नये म्हणून त्यांनी काडतुसांसाठी कर्ज काढले. हे नीट ध्यानात घ्या: कर्ज निघाले ते मुलाची परीक्षा झाल्यावर, आणि ते सरावासाठी. पुढे स्वप्नीलला मध्य रेल्वेत तिकीट तपासनिसाची नोकरी लागली. तो नोकरी व सराव दोन्ही सांभाळीत राहिला. स्वतः ऑलिंपिकमध्ये खेळून आलेल्या दीपाली देशपांडे ह्या त्याच्या प्रशिक्षिका. १ ऑगस्ट २०२४ रोजी फ्रान्समधील शातोरू येथे ५० मीटर रायफल तीन स्थिती ह्या प्रकाराची अंतिम फेरी झाली. तीत प्रथम गुडघ्यावर बसून, मग पालथे पडून व शेवटी उभे राहून गोळ्या झाडावयाच्या असतात. तो ५९० गुण मिळवून पात्रता फेरीत सातवा आला होता. अंतिम फेरीतही पहिल्या टप्प्यानंतर सहावा होता. उभ्याने मारणे सर्वांत अवघड. तेथेच तो पुढे सरकला, आणि ४५१.४ गुणांनी कांस्यपदक त्याचे झाले. ह्या प्रकारात ऑलिंपिक पदक मिळविणारा तो पहिलाच भारतीय.

कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंत ह्यांनी २०१० साली म्युनिक येथे ५० मीटर पालथे पडून मारण्याच्या प्रकारात ६०० पैकी ५९७ गुण मिळवून जागतिक विजेतेपद पटकाविले. त्यांचेही घर श्रीमंतीचे नव्हते.

स्वप्नीलपूर्वी महाराष्ट्रातील खेळाडूने वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळविल्यास बहात्तर वर्षे लोटली होती. ते पदक खाशाबा जाधव ह्यांनी १९५२ साली हेलसिंकी येथे कुस्तीत मिळविले. त्यांच्या प्रवासखर्चासाठी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर ह्यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. एका पदकामागे प्राचार्य, दुसऱ्यामागे प्राथमिक शिक्षक! शिक्षकाच्या व्यवसायात असलेल्या मजसारख्यास ह्याचा अभिमान वाटतो आणि थोडी लाजही वाटते. कारण मुलाच्या प्रश्नास हसून सोडून देणे आम्हांस किती सोपे असते!

येथे पवित्र शास्त्रातील एका प्रसंगाची आठवण होते. दावीद गल्याथाशी लढावयास निघाला, तेव्हा शौल राजाने त्यास आपले चिलखत व शिरस्त्राण घातले. ती राजाची सामग्री होती, बहुमोल होती. परंतु त्या मेंढपाळ पोरास तिची सवय नव्हती. ती घालून त्यास चालताही येईना. त्याने ती उतरून ठेविली, ओढ्यातून पाच गुळगुळीत गोटे निवडले आणि आपली गोफण घेतली. पुष्कळजण ह्या गोष्टीत केवळ चमत्कार पाहतात. मला तीत मेंढरांमागे घालविलेली वर्षेही दिसतात. ती गोफण त्याच्या हाताशी जुळलेली होती. रानात एकट्याने मारलेले हजारो गोटे त्या एका गोट्यामागे होते. आपल्या वऱ्हाडात जोंधळ्याचे पीक मुबलक होते, त्या काळी माळ्यावर उभे राहून गोफणीने पाखरे हाकणाऱ्या म्हाताऱ्या माणसांस हे मर्म समजावून सांगण्याची गरज पडली नसती.

आणखी एक गोष्ट. शास्ते ह्या पुस्तकात सातशे डावखुऱ्या बन्यामिनी गोफणवाल्यांचा उल्लेख आहे; केसावर धोंडा मारला तरी त्यांचा नेम चुकत नसे. मूळ इब्री भाषेत 'नेम चुकणे' ह्यासाठी तेथे जो धातू आला आहे, तोच इतरत्र 'पाप करणे' ह्या अर्थी येतो. नव्या करारातील ग्रीक 'हामार्तिया' ह्या शब्दाचाही मूळ अर्थ नेम हुकणे असाच आहे. पाप म्हणजे केवळ कोणते तरी वाईट कृत्य, असे आपण समजतो. शास्त्र म्हणते, जे लक्ष्य तुझ्यापुढे ठेविले होते ते चुकले, हेच पाप. ज्याच्या हाती बंदूक आहे त्याने हे दुप्पट लक्षात ठेवावे. रिकामी असो वा भरलेली, जिवंत प्राण्याकडे तिचे तोंड कधीही वळवू नये. चापावर बोट अखेरच्या क्षणीच जावे. आणि रागाच्या भरात तिला हात लावू नये. नेमबाजी हा मारण्याचा अभ्यास नव्हे, स्वतःस आवरण्याचा अभ्यास आहे. ज्यास हा फरक समजला नाही, त्याच्या हाती कोणीही रायफल देऊ नये, मग त्याचा बाप कितीही श्रीमंत असो.

असो. बैलजोडी विकली गेली नाही, हे सांगावयास मला आनंद वाटतो. मुलाने छात्र सेनेत नाव घातले. रोज पहाटे तो अंगणात एक फळी घेऊन उभा राहू लागला. फळीच्या टोकास त्याने दोरीने वीट टांगली होती. त्याची आजी ह्या प्रकारास काय म्हणे, ते येथे न लिहिलेले बरे! थंडीत शिबिर झाले. तेथे त्यास पंचवीस मीटरांवर पाच गोळ्या झाडावयास मिळाल्या. जन्मातील पहिल्या पाच गोळ्या.

परत आल्यावर तो लक्ष्याचा कागद घेऊन मजकडे आला, पण तोंड उतरलेले होते. मधल्या काळ्या वर्तुळात एकही गोळी नव्हती. चार भोके डाव्या बाजूस वर, एका रुपयाच्या नाण्याखाली झाकतील इतकी जवळ जवळ. पाचवे तेवढे दूर. ''सर, मी नापास झालो,'' तो म्हणाला.

मी त्यास बाकावर बसविले व कागदावर रुपया ठेवून दाखविला. म्हटले, ''अरे, दोन प्रकारच्या चुका असतात. गोळ्या चहूकडे विखुरल्या, तर चूक हातात व मनात असते, आणि ती काढावयास वर्षे लागतात. गोळ्या एका ठिकाणी जमल्या पण मध्यापासून दूर गेल्या, तर चूक साईटची असते, किंवा डोळा दर वेळी सारखाच बाजूस बसत असतो; ती जाणता माणूस घडीभरात दुरुस्त करितो. तुझे मध्य चुकले आहे, पण तुझा हात चुकत नाही. विज्ञानाच्या भाषेत तुझ्यात सातत्य आहे, अचूकता यावयाची आहे. आणि सातत्य विकत मिळत नाही.''

''आणि ही पाचवी?'' त्याने विचारले.

''ती तूच सांग.''

थोडा वेळ तो गप्प राहिला. मग म्हणाला, ''पहिल्या चार बऱ्या गेल्याशा वाटल्या, म्हणून पाचवीला घाई केली.''

मित्रहो, वर्षभरात मी त्यास शिकविले त्यापेक्षा ह्या एका वाक्यात तो अधिक शिकला. तो कागद त्याने वहीच्या पुठ्ठ्यास, त्या छायाचित्राशेजारी चिकटविला आहे. तो पुढे ऑलिंपिकला जाईल की नाही हे देव जाणे. बहुतेक मुले जात नाहीत, आणि हे पालकांनी प्रथमपासून मनात धरून चालणेच हिताचे. परंतु वारा ओळखून थांबणे, आपली चूक आपल्या तोंडाने सांगणे, आणि ऐपतीबाहेर पाऊल न टाकता नेम मात्र मोठा ठेवणे, एवढे ज्यास साधले, त्याच्या घरच्या बैलजोडीचे मोल खचित फिटले. तुम्ही जो कोणता नेम धराल तो बंदुकीचा असो वा नसो, त्यासाठी प्रथम स्वतःचा दांडा तासा. पाते पुढे मिळेल.